हिरवं आहे, पण जिवंत आहे का?

ज्युनिपर मेलं तरी लगेच कळत नाही, ही त्याची सर्वांत मोठी खोड. मुळं सुकतात किंवा कुजतात, झाड संपतं, आणि पाला मात्र पुढे काही आठवडे हिरवाच दिसत राहतो. घरातलं माणूस रोज कौतुकाने पाणी घालत असतं. मग पाल्याचा रंग उतरतो, टोकं कुरकुरीत होतात आणि ‘परवापर्यंत तर छान होतं!’ हे वाक्य ऐकू येतं.

अमेरिकेत अनेकांना बोन्सायचा नाद लागतो तो अशाच एका झाडामुळे. चकचकीत कुंडीतलं ‘प्रोकम्बेन्स नाना’ जातीचं ज्युनिपर तिथे गार्डन सेंटरपासून मॉलपर्यंत कुठेही मिळतं. मूळ दक्षिण जपानच्या किनाऱ्याकडचं, बुटकं, जमिनीलगत पसरणारं. कुंडीत वर गोटे सुबक बसवलेले असतात. हात लावला की कळतं, ते चक्क गोंदाने चिकटवलेत. वाहतुकीत माती सांडू नये म्हणून केलेली ही सोय झाडाच्या मुळावर येते, कारण पाणी त्या थरावरून घरंगळून जातं. त्यात भर म्हणजे झाडाची रवानगी थेट दिवाणखान्यात होते. ज्युनिपरला भरपूर ऊन, वारा आणि हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. टीपॉयवर यातलं काहीच नसतं.

जाणकारांचा सल्ला वेगळा असतो. तयार बोन्सायच्या वाटेला जाऊ नये; बागेत लावण्यासाठी काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत जी साधी ज्युनिपरं रांगेने ठेवलेली असतात, त्यांतलं एक उचलावं. साध्या सुरुवातीतून काय घडू शकतं, ते एका उदाहरणावरून कळतं. कॅलिफोर्नियातले बोन्सायगुरू जॉन नाका (१९१४–२००४) यांची ‘गोशिन’ ही जगप्रसिद्ध रचना ‘फोमिना’ जातीच्या ज्युनिपरांची आहे. १९४८मध्ये सराव म्हणून हाती घेतलेल्या दोन झाडांपासून ती सुरू झाली. पुढे नातवंडं वाढली तशी झाडं वाढली आणि एका नातवंडामागे एक असं अकरा झाडांचं वन झालं. १९८४मध्ये नाकांनी ते देऊन टाकलं. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे.

नर्सरीत नजर आधी पाल्यावर जाते. ती बुंध्याकडे न्यायला हवी. फांद्या बाजूला सारून बोटाने वरची माती उकरावी. मोठ्या कुंडीत हलवताना बऱ्याचदा रोपावर माती चढलेली असते आणि खरा बुंधा इंच-दोन इंच खाली गाडलेला सापडतो. तो तळाशी रुंद आणि वर निमुळता असेल, मुळं चहूबाजूंनी फुटलेली असतील, खालच्या फांद्या शाबूत असतील, तर वरचा पसारा कितीही बेढब असो, झाड घेण्यासारखं आहे. पेन्सिलीएवढं खोड तारेने सहज वळतं. अंगठ्याएवढं झालं की नवशिक्याला त्याचं आहे तेच वळण पदरात घ्यावं लागतं.

घरी आणल्यावर खरी परीक्षा हाताला आवरण्याची. प्रात्यक्षिकांत तासाभरात झुडपाचा डोंगरकड्यावरचा वृक्ष होतो, टाळ्या पडतात. वर्षभराने त्या झाडाचं काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही. ज्युनिपरची ताकद मोठ्या प्रमाणात पाल्यात असते. फांदी पार बोडकी केली तर वडा-पिंपळासारखी ती पुन्हा फुटत नाही, वाळून जाते. म्हणून ठेवायच्या प्रत्येक फांदीवर हिरवं राहिलंच पाहिजे. सगळी टोकं नखाने खुडत बसण्याची जुनी शिकवणही आता मागे पडली आहे, कारण त्याने झाड थकतं. वाढलेली डहाळी मागच्या फुटव्याजवळ कात्रीने कापणं बरं. नको असलेली फांदी बुंध्यालगत न उडवता थोडी ठेवून तिची साल सोलली, तर ‘जिन’ म्हणजे वीज पडल्यासारखं पांढरं वाळकं लाकूड मिळतं. जपानी ज्युनिपरांचं निम्मं सौंदर्य त्यातच आहे.

तारेसाठी ॲल्युमिनियम सोयीचं. फांदीच्या सुमारे एक तृतीयांश जाडीची तार पंचेचाळीस अंशांत गुंडाळावी आणि सालीत रुतू लागण्याआधी कापून काढावी. उलगडायला गेलं की फांदी मोडते.

छाटणी आणि तार झाली, की त्या वर्षी मुळांना हात लावू नये. कुंडी बदलायची ती पुढच्या वसंताच्या तोंडावर, आणि तेव्हाही एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं काढू नयेत. जुनी माती एकदम धुऊन टाकणं तर नकोच. इथे घाई नडते, आणि ती नडल्याचं हिरव्या पाल्यामुळे उशिरा लक्षात येतं.

महाराष्ट्रात ज्युनिपर नर्सऱ्यांत मिळतं, पण मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात त्याला हिवाळ्याची विश्रांती मिळत नाही. तिथे वड, उंबर किंवा जेडवर हात बसवणं शहाणपणाचं. पुणे-नाशिककडे थोडी थंडी असते, त्यामुळे प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. आपल्याकडचं रोप बहुधा तांबड्या मातीच्या घट्ट गोळ्यात येतं. वरची माती ओली आणि गाभा कोरडा, असं त्यात सर्रास होतं. लाकडी काडी खोल खुपसून ती ओली निघते का, हे पाहूनच पाणी घालावं. कुंडी बदलताना चाळलेले विटांचे तुकडे आणि जाड वाळू मिसळली की पावसाळ्यात पाणी तुंबत नाही.

उन्हाळ्यात मात्र लाल कोळ्यावर नजर हवी. पाला धुरकट वाटला तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावरचे ठिपके चालू लागले, तर पाण्याचा जोरदार फवारा पाल्याच्या खालून मारावा आणि चार-पाच दिवसांनी कागद पुन्हा धरून पाहावा.