छापलेलं इम्प्लांट आणि कायद्याची नजर

अपघातात कवटीचा तुकडा गेला, तर सीटी स्कॅनवरून त्याच रुग्णाच्या मापाचा टायटॅनियमचा तुकडा थ्रीडी प्रिंटरवर तयार करता येतो. या तंत्राचं कौतुक रास्तच आहे. पण त्याच्या नियमांविषयी काही चुकीच्या समजुती रुजल्या आहेत.

गैरसमज: रुग्णाच्या मापाचं इम्प्लांट 'कस्टम' असतं, त्याला मंजुरी लागत नाही.

वस्तुस्थिती: अमेरिकेत कस्टम उपकरणांना सूट आहे, पण एका प्रकारची वर्षाला जास्तीत जास्त पाच. स्कॅनवरून बेतलेली बहुतेक इम्प्लांट तिथे 'पेशंट-मॅच्ड' मानतात. त्यांची जाडी, वक्रता, छिद्रं कोणत्या मर्यादेत राहतील हे कंपनीला एफडीए या तिथल्या नियामक संस्थेपुढे आधी मांडावं लागतं.

गैरसमज: प्रिंटर चांगला, धातू प्रमाणित, मग इम्प्लांटही सुरक्षित.

वस्तुस्थिती: इथेच खरी मेख आहे. ओतीव किंवा घडीव धातू आधी तपासता येतो. छपाईत मात्र लेसर पावडरचे थर वितळवत जातो आणि वस्तूबरोबर धातूही तेव्हाच घडतो. तुकडा प्रिंटरच्या प्लेटवर उभा ठेवला की आडवा, यानेही ताकद बदलते. उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरतात. दर फेरीला तिच्यातला ऑक्सिजन वाढू शकतो आणि धातू ठिसूळ होतो. म्हणून 'एएसटीएम एफ३००१' या मानकात ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१३ टक्के आहे. हाड आत वाढावं म्हणून ठेवलेल्या बारीक जाळीत सुटी पावडर अडकते, ती काढल्याचाही पुरावा द्यावा लागतो. म्हणूनच एफडीएच्या डिसेंबर २०१७च्या मार्गदर्शिकेत पावडरपासून सफाईपर्यंतची सगळी प्रक्रिया येते.

गैरसमज: शेवटी एक चाचणी घेतली की झालं.

वस्तुस्थिती: ज्याला बसवायचं त्याच्यासाठी एकच तुकडा छापलेला असतो, तो तोडून बघणार कसा? म्हणून त्याच प्लेटवर नमुन्याच्या कांड्या छापून त्या तोडतात. मुख्य भिस्त मात्र प्रक्रिया दर वेळी तसंच फळ देते हे आधी सिद्ध करण्यावर असते. हे काम खर्चिक आहे, पण माझ्या मते त्याला पळवाट नसावी.

गैरसमज: रुग्णालयातच छापलं तर ते 'उत्पादन' नाही.

वस्तुस्थिती: जागा बदलल्याने धोका कमी होत नाही. अशा छपाईची जबाबदारी कुणाची, यावर एफडीएने डिसेंबर २०२१मध्ये चर्चापत्र काढलं.

भारतात 'सी' आणि 'डी' या जास्त जोखमीच्या वर्गांतल्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३पासून परवाना सक्तीचा आहे. घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं, तर इम्प्लांटचा परवाना डॉक्टरांना विचारा आणि त्याचं बॅच क्रमांकाचं स्टिकर डिस्चार्जच्या कागदांत जपून ठेवा.