गोवराचें गणित

"गोवर काय, सर्वच मुलांस येतो, अंगावर पुरता निघाला म्हणजे आपोआप उतरतो," असें आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत वडीलधारीं माणसें अजूनहि म्हणतात. पुष्कळ मुलें बरीं होतात हें खरें. परंतु कित्येकांस न्यूमोनिया होतो, कोणाची दृष्टि जाते, कोणी दगावतें. सन 2022 च्या अखेरीस मुंबईंत गोवंडीच्या दाट वस्तींत गोवराची सांथ आली. भिवंडी व मालेगांव येथेंहि ती पसरली, आणि कित्येक बालकें मृत्यु पावलीं. लस तर आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरणांत 1985 पासून आहे. मग सांथ आली कशी? याचें उत्तर गणितांत सांपडतें.

गोवराचे विषाणु खोकल्याशिंकेवाटे हवेंत जातात व रोगी निघून गेल्यावरहि सुमारें दोन तास तेथें टिकूं शकतात. पुरळ दिसण्यापूर्वीं चार दिवसांपासून रोग दुसऱ्यास जडूं शकतो. म्हणजे आईबापांस संशय येण्यापूर्वींच मूल वर्गांत रोग वांटीत असतें. कोणासच संरक्षण नसेल, तर एका रोग्यापासून 12 ते 18 जणांस बाधा होते. आपण 15 धरूं.

विद्यार्थिमित्रहो, आतां पाटी घ्या. एका गांवांत 100 मुलें आहेत. त्यांपैकीं 80 मुलांस लशीची एकच मात्रा मिळाली. नवव्या महिन्याच्या एका मात्रेनें शेंकडा सुमारें 85 मुलें सुरक्षित होतात. म्हणजे सुरक्षित 68, उघडीं 32. तेव्हां पहिला रोगी 15 च्या ऐवजीं सुमारें 5 जणांस रोग देईल, आणि सांथ वाढत जाईल. आतां 98 मुलांनीं दोन्ही मात्रा घेतल्या असें समजा. दोन मात्रांनीं शेंकडा सुमारें 97 मुलें सुरक्षित होतात. म्हणजे सुरक्षित 95, उघडीं 5. पंधराचे शेंकडा 5 म्हणजे पाऊण. एक रोगी पुरत्या एकासहि रोग देऊं शकत नाहीं, आणि सांखळी तुटते. शेंकडा 95 चा आग्रह आरोग्यखातें कां धरतें, तें यावरून कळेल.

मात्र सरासरीनें फसूं नये. जिल्ह्याचा आंकडा उत्तम असला, तरी एखाद्या तांड्यांत, पोडांत, किंवा कामासाठीं गांव सोडून गेलेल्या मजुरांच्या बिऱ्हाडांत निम्मीं मुलें राहून गेलेलीं असूं शकतात. ठिणगी तेथेंच पडते. कोरोनाच्या काळांत पुष्कळ मुलांच्या मात्रा चुकल्या होत्या. त्याचें फळ 2022 त दिसलें.

आणि सहा-सात महिन्यांचें तान्हें मूल? आईपासून मिळालेलें त्याचें संरक्षण ओसरत असतें, आणि सांथ नसतां नवव्या महिन्यापूर्वीं लस देत नाहींत. त्याची राखण शेजारच्या मुलांनीं घेतलेली लसच करते.

पालकहो, आज घरांतील लसीकरणाचें कार्ड काढून पाहा : पहिली मात्रा 9 ते 12 महिन्यांत, दुसरी 16 ते 24 महिन्यांत. एखादी राहिली असल्यास पांच वर्षांपर्यंत ती सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. आशाताईंस विचारा, आणि शेजारींहि विचारा.