फळी आणि हमालाची पाठ

बारामती-इंदापूरच्या आडत बाजारात मालमोटारीला टेकवलेली लाकडी फळी हेही एक यंत्रच होय. ४ फूट उंचीसाठी १२ फुटांची फळी लावल्यास, घर्षण वगळता, ५० किलोचे पोते ढकलण्यास सुमारे १७ किलोचा जोर पुरतो. अंतर मात्र तिप्पट होते. निसर्गाची खतावणी चोख असते, एकूण कार्यात सूट मिळत नाही.

परंतु हा लाभ ढकलणाऱ्याचा. पोते पाठीवर वाहणाऱ्या हमालाच्या कण्यावर फळीवरही पूर्ण ५० किलोच असतात, शिवाय स्वतःचे शरीरही वर न्यावे लागते. हातगाडी दिली की भार चाकांवर जातो. माथाडी कायदा १९६९ चा. हातगाडीसाठी पेढीने कोणत्या कायद्याची वाट पाहावी? फळी तेवढी रुंद हवी, अरुंद फळीवरून चाक निसटते.