वनौषधींचा हक्क आणि वैद्यांचे कर्तव्य
चंद्रपूर-गडचिरोलीची अरण्ये हिरडा, बेहडा, आवळा, बिब्बा यांचे भांडार होत. त्याच भूमीवर ताडोब्याचे व्याघ्रपर्यटन, चंद्रपूरचा कोळसा व सुरजागडचे लोहखनिज यांचाही दावा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपजाची मालकी वननिवासींना दिली; धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने वैद्यांस राज्य मंडळाला पूर्वसूचना देण्यापासून सूट दिली आहे. परंतु त्यामुळे आमची जबाबदारी संपत नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचा काळ सांगितला आहे. तेव्हा द्रव्य कोणी, केव्हा व किती तोडले, याची चौकशी आम्ही करावी आणि शक्य तेथे ग्रामसभेकडूनच, रास्त मोल देऊन ते घ्यावे.