घोड्याचा जमाखर्च

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्यातील आपल्या कुटुंबांचे पाय ज्या थंड हवेच्या ठिकाणांकडे वळतात, त्यांत माथेरानचे स्थान बरेच वरचे आहे. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून आले आणि पुढे येथे वस्ती वाढत गेली. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळहून छोटी आगगाडी वर आली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या गावात पर्यटकांच्या मोटारींना आजही प्रवेश नाही. त्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तेथून पुढे लाल मातीची वाट, दाट झाडी आणि खोगीर चढवून ओळीने उभे असलेले घोडे. मुले घोड्याचा हट्ट धरतात आणि वडीलधारी मंडळी दराची घासाघीस सुरू करतात.

घासाघीस करण्यात गैर काही नाही. तो आपल्या रक्तातलाच गुण आहे. परंतु भाव पाडण्यापूर्वी समोरच्याची पडतळ किती, याचा अंदाज घ्यावा, हा पेढीवरचा जुना नियम आहे. तोच नियम घोड्याला लावून पाहू.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारावा लागे : मालमत्ता बंद राहिली, तर तिच्यावर खर्च किती होतो? यंत्र बंद ठेवले की वीजही थांबते. घोडा मात्र उभा राहिला तरी खातो. त्याला दररोज आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा आहार लागतो. माथेरानसारख्या ठिकाणच्या मध्यम बांध्याच्या तट्टाचे वजन ३०० किलो धरले, तरी वैरण आणि चंदी मिळून रोजचे सहा किलो, म्हणजे वर्षाला जवळजवळ बावीस क्विंटल होतात. त्यावर रोजचे वीस-पंचवीस लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून अधिक. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलावून खूर तासून नाल बदलावे लागतात. खरारा, जंतांची औषधे, धनुर्वाताची लस, तबेल्याचे भाडे आणि राखणाऱ्याचे श्रम हे सारे आणखी निराळे.

आता जमेची बाजू. वर्षातले शनिवार-रविवार मोजले, तर ते १०४ भरतात. त्यांत दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी मिळवावी. आडवारी बहुतेक घोडे दिवसभर गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे असतात. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी आगगाडी बंद ठेवली जाते आणि पर्यटकही रोडावतात. म्हणजे खर्चाचे दिवस ३६५ आणि कमाईचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. हा हिशेब जुळेनासा झाला की पहिली कात्री चंदीवर लागते, दुसरी नालांवर आणि तिसरी विश्रांतीवर. गर्दीच्या दिवशी त्याच घोड्याच्या फेऱ्या वाढतात. आपण कमी केलेले शंभर रुपये घोडेवाल्याच्या खिशातून गेले असे आपल्याला वाटते. पुष्कळदा ते तोबऱ्यातून गेलेले असतात.

पाठीवरचा भार

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० साली झाला. जखमी, लंगडणाऱ्या वा आजारी जनावराकडून काम करून घेणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्याखाली १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम करण्यात आले. त्यांत तट्टाच्या पाठीवरील ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. दिवसभरात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर जात असेल, तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत ओझे लादण्यासही मनाई आहे. स्वारीच्या बाबतीत अनेक अश्वतज्ज्ञ आणखी सोपे माप सांगतात : स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक भार नसावा. आपल्या ३०० किलोच्या तट्टासाठी हे माप ६० किलोंवर थांबते. गादीवर बसून ऐंशी-नव्वद किलोंपर्यंत पोहोचलेल्या आपल्यासारख्यांनी या आकड्याशी क्षणभर थांबावे. मुलांना घोड्यावर बसवून आपण बरोबरीने चालावे. त्यात घोड्याचे आणि आपल्या मधुमेहाचे, दोघांचेही भले आहे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन स्वतंत्रपणे गणले आहेत. शक्तीबाहेर भार लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न देणे, हे ते दोन दोष. ते बैलगाडीच्या काळात जितके लागू होते, तितकेच ताशी दराने घोडा भाड्याने घेणाऱ्यालाही आहेत. भाडे मोजले म्हणून भाराची जबाबदारी घोडेवाल्याच्या खाती वर्ग होत नाही.

पाहून घ्यावे असे

घोडा निवडताना दोन मिनिटे खर्च करावीत. फासळ्या किंचित हाताला लागाव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत. तंग जेथे आवळला जातो तेथे, खोगिराच्या खाली आणि ओठांच्या कोपऱ्यांत जखमा नाहीत ना, हे पाहावे. घोडा चार पावले चालवून दाखवण्यास सांगावे. चालताना मान एका लयीत झटके देत असेल, तर तो बहुधा लंगडत आहे. मागून त्याच्याजवळ जाऊ नये. घोड्याला दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते, पण शेपटीमागचे दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या हालचालीला तो लाथेने उत्तर देतो. उतारावर ‘पळवा, पळवा’ असा आग्रह मुलांना करू देऊ नये. आणि निरोगी, नीट राखलेला घोडा सापडला, तर दर दोन पैसे अधिक असला तरी तोच घ्यावा. चांगल्या मालाला चांगला भाव मिळतो हे दिसले, की बाजार आपोआप सुधारतो.

भूतदयेपोटी घडणारी एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ मंडळी डब्यातल्या पोळ्या, ठेपले, बिस्किटे, फरसाण प्रेमाने घोड्यासमोर धरतात. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि तो ओकारी करू शकत नाही. दिवसभर थोडे थोडे गवत चघळावे अशी त्याची घडण आहे. पीठ, साखर आणि मीठ एकदम पोटात गेले की पोटशूळ उठतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. खाऊ घालायचेच असेल, तर घोडेवाल्याला विचारून त्याच्याकडच्या वैरणीची एक पेंढी विकत घ्यावी. माकडांबाबत तर हात आवरताच घ्यावा. आयते खाणे मिळाल्यानेच ती धीट होतात, पिशव्या हिसकावतात आणि मग लोक त्यांनाच दगड मारतात. राज्यप्राणी शेकरू उंच फांद्यांवरून फिरताना दिसला, तर तो डोळे भरून पाहावा. त्याचे अन्न त्याला झाडावर मिळते.

उद्याचा प्रश्न

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा संपावी, हे योग्यच. रस्त्यावरील पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, ही अश्वपालांची तक्रारही जुनी आहे. ई-रिक्षा वाढतील तशी घोड्यांची मागणी कदाचित घटेल. परंतु मागणी घटली म्हणून भूक घटत नाही, आणि नीट राखलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. त्याची शेवटची काही वर्षे बिनकमाईची असतात. कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनाची तरतूद तो कामावर असतानाच करावी लागते. थकलेल्या घोड्याच्या वैरणीची तरतूदही त्याच्या कमाईच्या वर्षांतच व्हायला हवी, आणि ती आज दिल्या जाणाऱ्या दरातूनच निघणार आहे.

या सुट्टीत माथेरानला जाल, तेव्हा फेरी संपताच लगेच पाठ फिरवू नका. मुलांना पाच मिनिटे तेथेच थांबू द्या, घोड्याचा तंग सैल झालेला आणि त्याने बादलीतले पाणी प्यायलेले पाहू द्या, आणि मग ठरलेले पैसे पूर्ण मोजा.