उत्तर येतं, पण हात वर होत नाही

उत्तर येत असूनही हात वर न करणारं मूल आपण सर्वांनीच वर्गात पाहिलेलं असतं. ९८ गुण मिळवूनही घरी ‘दोन कुठे गेले?’ हेच ऐकावं लागत असेल, तर ‘चुकलो म्हणजे नावडते झालो’ असं समीकरण मनात पक्कं होऊ शकतं. मग मूल वाक्य मनात घोकतं, नजर चुकवतं, गप्प बसतं. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं, की असे बचावाचे उपायच भीती टिकवून धरतात. लक्ष स्वतःवरच खिळतं आणि चुकलं तरी फारसं बिघडत नाही, हा अनुभव मिळतच नाही. या भीतीमागे आनुवंशिकता आणि स्वभावही असतात. तेव्हा सारा दोष पालकांना देऊन भागणार नाही. फळ्यावर आपलं गणित चुकलं, तर ते मुलांसमोरच हसत दुरुस्त करून पाहूया!