मधलं नाव

लोणंदच्या मार्केट यार्डात मी कांद्याच्या आडतीच्या पाट्या रंगवल्या, ट्रकच्या मागची अक्षरं काढली, माउलींची पालखी मुक्कामाला यायच्या आधी स्वागताच्या कमानी लिहिल्या. पण ब्रश सगळ्यात जपून चालतो तो जवळच्या एका छोट्या कॉलेजच्या जिमखान्यातल्या फलकावर. सहा फूट बाय चार फूट, सागवानी चौकट, काळी जमीन, सोनेरी अक्षर. वर मथळा : क्रीडा सन्मान – मुले. खाली चार रकाने : वर्ष, खेळाडू, खेळ, स्तर. गेली सव्वीस वर्षं दर उन्हाळ्यात मी त्यात एखाददुसरी ओळ भरतो.

एखाददुसरीच का, हे मलाही सुरुवातीला कळत नव्हतं. कॉलेजात कपाटभर चषक होते, मग नावं इतकी थोडी कशी? तिथल्या सरांनी मला ‘स्तर’ या रकान्याचा अर्थ समजावून सांगितला. आमच्याकडची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाची. १९६२ साली कोल्हापुरात हे विद्यापीठ सुरू झालं; आता सातारा, सांगली, कोल्हापूर हे तीन जिल्हे त्यात येतात. लोणंदच्या पोराला आधी जिल्ह्यातल्या कॉलेजांत वर यावं लागतं, मग कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळलेल्या मल्लासमोर उभं राहावं लागतं. त्यातून टिकला तर विद्यापीठाच्या संघात. तो संघ दुसऱ्या विद्यापीठांशी खेळतो, ती आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथवर पोचला तो ‘कलर होल्डर’. विद्यापीठाचा ब्लेझर अंगात घालून तो गावात एसटीतून उतरतो, तेव्हा स्टँडवरची माणसं वळून बघतात. मी पाहिलंय.

हा ‘कलर’ शब्द मी पेंटर असल्यामुळे माझ्या डोक्यात घोळत राहिला. तो आला इंग्लंडातून. ऑक्सफर्डचा निळा गडद, केंब्रिजचा फिका; त्या रंगात विद्यापीठाकडून जो खेळला त्याला ‘ब्लू’ म्हणायचे. या दोन विद्यापीठांचा गोल्फचा पहिला सामना १८७८ साली विंबल्डनला झाला. अमेरिकेतल्या कॉलेजांची गोल्फची पहिली स्पर्धा १८९७ची, ती येल विद्यापीठानं जिंकली.

गोल्फ मध्येच कुठून आला, असं वाटेल. माझा भाचा अमेरिकेत असतो. मामा फलक लिहितो म्हणून त्यानं तिथल्या एका छोट्या कॉलेजच्या भिंतीवरच्या फलकाचा फोटो मला पाठवला. तो पुरुषांच्या गोल्फ संघाच्या सन्मानांचा होता. मी तो मोठा करून अक्षर न् अक्षर बघितलं. आमच्या ‘स्तर’सारखाच तिथंही रकाना आहे : कुणी आपल्या गटातल्या कॉलेजांत निवडला गेला, कुणी सगळ्या देशातून निवडला जाऊन ‘ऑल-अमेरिकन’ झाला. टायगर वूड्ससुद्धा १९९६ साली स्टॅनफर्डकडून खेळताना कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला होता. पण स्टॅनफर्ड मोठं. भाच्यानं सांगितलं की लहान कॉलेजांच्या ज्या गटाला तिथं तिसरी डिव्हिजन म्हणतात, तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. पोरं फी भरून शिकतात आणि खेळतात. आणि चांगलं खेळून अभ्यासातही चांगले गुण मिळवणाऱ्याचं नाव वेगळ्या सन्मानात लिहितात. हे मला फार आवडलं. आपल्याकडे खेळाडूच्या मार्कशीटकडे त्याचे सर सोडून कुणी आपुलकीनं बघत नाही.

आमच्याकडे गोल्फचं हिरवं मैदान नाही. मुरमाचं पटांगण आहे, त्यावर खो-खोचे दोन खांब आणि कबड्डीच्या फक्कीच्या रेघा. पण टोकियो ऑलिंपिकच्या भारतीय पथकात पुण्याचा गोल्फपटू उदयन माने होता, तसा आमच्या शेजारच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा धनुर्धर प्रवीण जाधवही होता. मजुराच्या घरातला मुलगा. तेव्हा मैदान कसलं आहे यावर मी फार बोलत नाही.

फलकावरच्या रिकाम्या ओळींबद्दल मात्र बोलायचंय. २०२०-२१ला कोरोनामुळे मैदान ओस होतं. लिहायला नावच नव्हतं. ते वर्ष गाळून पुढचं घ्या, फलक भरलेला दिसेल, असं मला सुचवलं गेलं. मी हात जोडून नाही म्हणालो. वर्षाचा आकडा लिहिला आणि पुढची जागा काळी ठेवली. त्या वर्षी पोरं काही रिकामी बसली नव्हती. रानात बांधावरून धावत होती. रिकामी ओळ राहिली तरच पुढच्या ओळीचं मोल कळतं.

सगळ्या देशाचा असा एक फलक काढला तर त्यावर केवढी काळी जागा येईल, याचा मी हिशेब केलाय. १९५२ साली हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक १९९६ साली, अटलांटात, लिअँडर पेसचं. मध्ये चव्वेचाळीस वर्षं. आणि ते पहिलं नाव एका कॉलेजच्या पोराचंच होतं. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर गोळेश्वरकरांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. सरकारचा अर्जुन पुरस्कार मात्र त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी आला. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात. उशिरानं का होईना, ओळ लिहिली गेली.

पण जगभरच्या यादीत ती ओळ कशी लिहिलीय? ‘के. डी. जाधव’. त्या ‘डी’मध्ये दादासाहेब जाधव आहेत. खाशाबांचे वडील. स्वतः पैलवान, पोराला लहानपणी मातीत उतरवणारे. एका अक्षरात अख्खा बाप मिटवलाय.

हे मला उगाच सुचलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कबड्डीत एक मुलगा विद्यापीठाकडून खेळला. त्याचं नाव लांब, आडनावही लांब, रकाना तोकडा. मी वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर घातलं. आठ दिवसांनी मार्केट यार्डातला एक हमाल माझ्याकडे आला. अंगाला कांद्याच्या पातीचा वास, खांद्यावर पोत्याचा आकडा. म्हणाला, “पेंटर, पोराचं नाव वाचलं. त्यात माजं कुठाय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी गेलो, काळा रंग मारून ती ओळ बुजवली, वाळू दिली. खडूची दोरी नव्यानं मारली. अक्षर पाऊण इंचावरून अर्ध्या इंचावर आणलं, काने जवळ घेतले, आणि तिन्ही नावं पूर्ण लिहिली. तो माणूस मागं उभा होता. मधल्या नावाची शिरोरेघ ओढून झाली तेव्हा त्यानं ते एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

फ्लेक्स आल्यापासून पुष्कळ कॉलेजं फलक छापून घेतात. दोन पावसाळ्यांत तो पांढरा पडतो, आणि छापणारा जागा वाचवायला मधलं नाव हमखास उडवतो. म्हणून मी सरांना सांगून ठेवलंय : माझे डोळे साथ देतील तोवर ब्रशनंच.

आता एक नवी अडचण आहे, आणि तिचा मला आनंद आहे. २०२४ साली राज्य सरकारनं ठरवलं की १ मे २०१४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ही पोरं २०३२च्या सुमारास कॉलेजात येतील. तीन नावांना जो रकाना पुरेना, त्यात चार नावं बसवायची. या उन्हाळ्यात सुताराला घेऊन जिमखान्यात गेलो आणि भिंत मोजून आलो. दाराच्या चौकटीपर्यंत अजून सव्वादोन फूट जागा निघतेय.